वाट बघणाऱ्याने बोलावं का?

२ जुलै १८८१ च्या सकाळी वॉशिंग्टनमधल्या एका रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा चार्ल्स गिटो तिथेच पकडला गेला. त्याने सांगून टाकलं की मी स्टॉलवर्ट आहे आणि आता आर्थर अध्यक्ष होणार. स्टॉलवर्ट हा रिपब्लिकन पक्षातलाच एक गट. गारफील्ड त्या गटाचे नव्हते. उपाध्यक्ष चेस्टर आर्थर मात्र होते. पक्षातली भांडणं मिटावीत म्हणून त्यांना तिकिटावर घेतलं होतं.

आता आर्थर यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमचा वरिष्ठ बिछान्यावर आहे. तो मरेल की वाचेल हे डॉक्टरांनाही कळत नाही. मारेकऱ्याने तुमचं नाव घेतलंय. अर्ध्या देशाला वाटतंय की तुम्हीच हे घडवून आणलं. आणि देश चालवायला कुणीतरी तर हवं.

गारफील्ड यानंतर ७९ दिवस जगले. या काळात त्यांनी अध्यक्ष म्हणून एका कागदावर सही केल्याचं सांगतात, बाकी काही नाही. मंत्रिमंडळाला वाटलं की तात्पुरता कारभार आर्थर यांनी बघावा. आर्थर यांनी नकार दिला. ते बराच काळ न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरीच थांबले. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेल्याची तार आल्यावरच त्यांनी शपथ घेतली.

या गोष्टीत आर्थर भले ठरतात. सत्ता समोर पडलेली असताना त्यांनी हात लावला नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ते आवडलं. नंतर वाटायला लागलं की ७९ दिवस देशाला कुणी चालक नाही, ही गोष्ट आपण फार सहज माफ करतोय. त्या उन्हाळ्यात काही मोठं घडलं नाही म्हणून निभावलं.

पण आर्थर यांच्या नकारामागे नुसती लाज नव्हती. एक तांत्रिक कारणही होतं आणि ते मला फार रंजक वाटतं. त्यासाठी चाळीस वर्षं मागे जावं लागेल.

अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत असं लिहिलंय की अध्यक्ष पदावरून दूर झाला, मेला, त्याने राजीनामा दिला किंवा तो काम करायला असमर्थ झाला, तर 'ते' उपाध्यक्षाकडे जाईल. 'ते' म्हणजे काय? अध्यक्षपद, की नुसतं अध्यक्षाचं काम? वाक्यरचनेवरून दोन्ही अर्थ निघतात. १७८७ मध्ये घटना लिहिणाऱ्यांच्या सभेत जॉन डिकिन्सन यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता : असमर्थता म्हणजे नेमकं काय, आणि ती ठरवणार कोण? नोंदीत प्रश्न आहे. उत्तर नाही. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये अशी कमेंट येते, सगळे मान डोलावतात आणि कोड तसाच मर्ज होतो.

१८४१ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन अध्यक्ष झाले आणि एका महिन्यात, ४ एप्रिलला वारले. पदावर असताना मेलेले ते पहिले अध्यक्ष. उपाध्यक्ष जॉन टायलर व्हर्जिनियात आपल्या घरी होते. ते वॉशिंग्टनला आले आणि ६ तारखेला शपथ घेऊन मोकळे झाले. मी हंगामी नाही, मी अध्यक्ष. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्यासारख्या माणसाला हे घटनेचं उल्लंघन वाटलं. लोकांनी टायलर यांना 'अपघाताने आलेले महाराज' अशा अर्थाचं टोपणनाव ठेवलं. पत्रावर 'हंगामी अध्यक्ष' असा पत्ता असला की ते पाकीट न फोडता परत पाठवायचे. त्यांच्या या हट्टाचाच पुढे पायंडा झाला.

आणि इथेच गाठ पडली. घटनेच्या त्या एकाच वाक्यात मृत्यू आणि असमर्थता शेजारी-शेजारी बसल्या आहेत. मृत्यूनंतर उपाध्यक्ष पूर्ण अध्यक्ष होतो असं मानलं, तर आजारपणातही तसंच व्हायला हवं. मग आजारी अध्यक्ष बरा झाला तर परत कुठे यायचं? खुर्ची तर गेली. १८८१ मध्ये गारफील्ड यांच्या मंत्र्यांना नेमकी हीच भीती होती. आर्थर एकदा बसले की गारफील्ड वाचले तरी अध्यक्ष राहणार नाहीत. म्हणजे 'थोडे दिवस सांभाळतो' असं म्हणायची सोयच टायलर यांनी मोडून ठेवली होती.

मी डेटाबेस सांभाळणाऱ्या टीममध्ये काम करतो. आमच्याकडे एक मुख्य सर्व्हर असतो आणि दुसरा स्टँडबाय. स्टँडबायचं काम म्हणजे मुख्य सर्व्हरची नक्कल करत वाट बघणं. मुख्य सर्व्हर दर काही सेकंदांनी 'मी आहे' असा इशारा पाठवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. हे ठोके बंद पडले की स्टँडबाय पुढे येतो. ऐकायला सोपं आहे. गोची अशी की ठोका ऐकू आला नाही म्हणजे मुख्य सर्व्हर मेला असं नसतं. मधली वायर तुटलेली असू शकते. तो तिकडे ठणठणीत असेल आणि इकडे स्टँडबायने कारभार हातात घेतला, तर दोघेही स्वतःला मालक समजून लिहायला लागतात. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात आणि यातून झालेला घोळ निस्तरायला कधीकधी आठवडे जातात. म्हणून कुठल्याही बऱ्या डिझाइनमध्ये 'मुख्य मेला का' हे ठरवायचा अधिकार एकट्या स्टँडबायला देत नाहीत. तिसरा कुणीतरी लागतो. आणि मुख्य सर्व्हर बरा झाल्यावर त्याला परत कसं घ्यायचं, हेही आधीच लिहून ठेवावं लागतं. पुढे जाणं सोपं, मागे येणं अवघड.

एक फरक मात्र आहे. स्टँडबाय सर्व्हरला मुख्य होण्याची हाव नसते. माणसाला असते, किंवा नसली तरी इतरांना ती दिसते. नैतिक प्रश्न सुरू होतो तो इथे. दुसऱ्याच्या पडण्यात ज्याचा फायदा आहे, त्याने तो पडलाय असं म्हणावं का?

आर्थर यांच्या उत्तराची खरी परीक्षा १९१९ मध्ये झाली. २ ऑक्टोबरला अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. पत्नी ईडिथ आणि डॉक्टर ग्रेसन यांनी खोलीचं दार जवळजवळ बंदच करून घेतलं. कुठला कागद आत न्यायचा आणि कुठला नाही, हे ईडिथ ठरवायच्या. लोकांना सांगितलं गेलं की अध्यक्ष दमलेत, विश्रांती घेताहेत. उपाध्यक्ष थॉमस मार्शल यांनाही सरळ कुणी सांगितलं नाही. त्यांच्याकडे एका पत्रकाराकरवी बातमी पोचवली गेली.

मार्शल मिश्कील माणूस. उपाध्यक्षपदावरचा त्यांचा विनोद प्रसिद्ध आहे : दोन भाऊ होते, एक समुद्रावर पळून गेला आणि दुसरा उपाध्यक्ष झाला, पुढे दोघांचीही काही खबर आली नाही. ही बातमी ऐकून ते सुन्न झाले. आणि त्यांनी काहीच केलं नाही. मंत्रिमंडळाच्या बैठका घेण्याची हिंमत परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी केली, तर फेब्रुवारी १९२० मध्ये विल्सन यांनी त्यांचाच राजीनामा घेतला. दरम्यान सिनेटने व्हर्सायचा तह आधी नोव्हेंबरमध्ये आणि मग मार्चमध्ये फेटाळला. तडजोड करायला ज्याने बसायचं तो माणूस बिछान्यावर होता आणि तो कुणाचं ऐकायच्या अवस्थेत नव्हता. विल्सन यांची मुदत ४ मार्च १९२१ ला संपली. झटक्यापासून सतरा महिने.

आर्थर आणि मार्शल यांनी एकच केलं. मग एकाचं कौतुक आणि दुसऱ्याबद्दल अस्वस्थता का? नशीब हे एक कारण आहेच. पण मला वाटतं, आर्थर यांच्या वेळी गारफील्ड यांची अवस्था सगळ्या देशाला माहीत होती. रोज बुलेटिनं निघत. निर्णय घ्यायला इतर माणसं होती आणि त्यांना सगळं दिसत होतं. मार्शल यांच्या वेळी गोष्ट दडवलेली होती आणि आता ती त्यांना माहीत होती. मी निर्णय घेणार नाही असं म्हणणं वेगळं. इतरांना निर्णय घेता येईल इतकंही मी सांगणार नाही, हे वेगळं. पहिलं संयम आहे. दुसऱ्याला तो शब्द वापरायला माझी जीभ रेटत नाही.

ही गोष्ट मला इतकी का टोचते, तर मी ती घरी बघितली आहे. आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, शेतीचा सगळा व्यवहार आजोबांच्या हातात. कारखान्याचं बिल, सोसायटीचं कर्ज, सगळं एका लाल वहीत. चारेक वर्षांपूर्वी वहीत गडबड सुरू झाली. पाणीपट्टी दोनदा भरली गेली. ट्रॅक्टरवाल्याचे दिलेले पैसे लिहिलेच नाहीत. हे सगळ्यात आधी लक्षात आलं काकांच्या, कारण गावी राहून शेतात राबणारे तेच. आणि सगळ्यात जास्त गप्प बसले तेही तेच. कारण उघड होतं. आजोबांनी सोडलं की कारभार त्यांच्याकडेच येणार होता. 'थोरला पुण्यात, म्हणून धाकटा टपून बसलाय' हे वाक्य गावात कुणी बोललं नसेल, पण काकांना ते वर्षभर ऐकू येत होतं. आजी सांभाळून घ्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, त्यांची झोप नाही झाली. ईडिथ विल्सन यांच्याबद्दल वाचताना मला सारखी आजीच दिसत होती. तिच्या मनात कसलंही कपट नव्हतं. तिला फक्त तिचा माणूस लोकांसमोर लहान झालेला नको होता.

शेवटी काकांनी बाबांना आणि आत्याला फोन केला. काय म्हणाले ते बाबांनी मला जसंच्या तसं सांगितलं : "मी काय ठरवणार नाही. पण तुम्ही दोघं येऊन वही बघा." दोघं आले. चौघं बसले. आजोबा चिडले, मग बँकेत जाऊन खातं 'आयदर ऑर सर्व्हायवर' करून आले, आणि त्यानंतर आठ दिवस काकांशी बोलले नाहीत. (त्या तीन शब्दांत अमेरिकेच्या घटनेपेक्षा स्पष्ट तरतूद आहे, हे बँकवाल्यांच्या लक्षात आलं असेल की नाही कोण जाणे.) काकांना तो अबोला लागला. पण त्यांनी जे केलं ते मार्शल यांनी करायला हवं होतं, असं मला वाटतं.

अमेरिकेला उत्तर लिहायला १९६७ साल उजाडलं. ती पंचविसावी घटनादुरुस्ती. मधल्या काळात चांगुलपणाच्या वैयक्तिक कवायती चालू होत्या. १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या, पण अध्यक्षांच्या खुर्चीत न बसता, आपल्याच खुर्चीतून. हे तेच निक्सन, जे पुढे खुर्ची सोडायला तयार नव्हते. केनेडी यांच्या हत्येनंतर लिंडन जॉन्सन अध्यक्ष झाले, तेव्हा उपाध्यक्ष कुणीच नव्हतं. रांगेतले पहिले प्रतिनिधीगृहाचे सभापती, वय ७१. त्यांच्या मागे सिनेटचे हंगामी अध्यक्ष, वय ८६. टीव्हीवर जॉन्सन यांच्या मागे हे दोघे म्हातारे बसलेले बघून देशाला घाम फुटला असणार. तोपर्यंत उपाध्यक्षाची खुर्ची सोळा वेळा रिकामी पडली होती आणि ती मध्येच भरायची सोयच नव्हती.

दुरुस्तीने टायलर यांचं म्हणणं १२६ वर्षांनी कायद्यात आणलं : मृत्यू किंवा राजीनामा असेल तर उपाध्यक्ष पूर्ण अध्यक्ष. आजारपण त्यातून वेगळं काढलं. अध्यक्ष स्वतः लिहून देऊन थोड्या वेळापुरता अधिकार सोपवू शकतो आणि पुन्हा लिहून परत घेऊ शकतो. १९ नोव्हेंबर २०२१ ला बायडन यांची तपासणी होती, तेव्हा कमला हॅरिस ८५ मिनिटं हंगामी अध्यक्ष होत्या. हे आमच्या भाषेत नियोजित मेंटेनन्स. भारतातही असं झालंय. १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी परदेशी गेले, तेव्हा उपराष्ट्रपती एम. हिदायतुल्ला यांनी काम बघितलं. हिदायतुल्ला नागपुरात वकिली करून तिथल्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. आणि ही त्यांची दुसरी खेप. पहिल्यांदा १९६९ मध्ये, झाकीर हुसेन वारल्यावर हंगामी राष्ट्रपती झालेल्या व्ही. व्ही. गिरींनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश म्हणून ते महिनाभर राष्ट्रपतिभवनात होते. आपल्याकडे टायलर होऊ शकत नाही. उपराष्ट्रपती फक्त हंगामी असतो आणि सहा महिन्यांत नवी निवडणूक घ्यावीच लागते. आपला राष्ट्रपती सरकार चालवत नाही म्हणून हे परवडतं, हेही खरं.

खरी अडचण दुरुस्तीच्या चौथ्या कलमात आहे. अध्यक्ष असमर्थ आहे, पण तो मान्यच करत नाही, तर? मग उपाध्यक्ष आणि निम्म्याहून जास्त मंत्र्यांनी मिळून तसं लिहून द्यायचं. अध्यक्ष म्हणाला की मी ठीक आहे, तर उपाध्यक्ष आणि मंत्र्यांना चार दिवसांत पुन्हा हरकत घ्यावी लागते, आणि मग संसदेने एकवीस दिवसांत ठरवायचं, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी. म्हणजे महाभियोगापेक्षाही अवघड. आणि उपाध्यक्षाच्या सहीशिवाय हे सुरूच होत नाही. ज्याचा फायदा सगळ्यात जास्त, त्याच्याच हातात किल्ली. पण ती किल्ली एकट्याने फिरत नाही. काकांच्या फोनसारखीच ही रचना आहे : तू ठरवू नकोस, पण सुरुवात तुलाच करावी लागेल.

आजवर ही किल्ली कुणी फिरवलेली नाही. ३० मार्च १९८१ ला रेगन यांना गोळी लागली, ते ऑपरेशन टेबलवर होते, कागद तयार होते, त्यावर सह्या झाल्या नाहीत. उपाध्यक्ष जॉर्ज बुश विमानातून परतत होते. हेलिकॉप्टर थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरवा असं त्यांना सुचवलं गेलं. ते म्हणाले, तिथे फक्त अध्यक्ष उतरतात. आपल्या बंगल्यावर उतरून ते गाडीने गेले. सुंदर वागणं आहे. पण त्या काही तासांत अणुबॉम्बचा हुकूम कायद्याने कुणाच्या हातात होता, हा प्रश्न त्या सौजन्याने सुटत नाही.

२०२१ च्या जानेवारीत, कॅपिटलवरच्या हल्ल्यानंतर, प्रतिनिधीगृहाने २२३ विरुद्ध २०५ मतांनी माइक पेन्स यांना चौथं कलम वापरायला सांगितलं. पेन्स नाही म्हणाले. हे कलम शिक्षा देण्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. अध्यक्ष वाईट वागला आणि अध्यक्ष असमर्थ झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी महाभियोग आहे. आपल्याला न आवडणारा निर्णय घेणारा म्हातारा आणि निर्णय घेताच न येणारा म्हातारा यांत फरक करता आला नाही, तर प्रत्येक घरात रोज बंड होईल.

२०२४ ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिथे प्रश्न पद सोडण्याचा नव्हता, पुन्हा निवडणूक लढवण्याचा होता. तरी पेच तोच. हॅरिस यांनी नंतर आपल्या '१०७ डेज' या पुस्तकात लिहिलंय की बायडन यांना थांबा म्हणायला व्हाइट हाउसमध्ये सर्वांत अवघड जागा आपलीच होती, आपण बोललो असतो तर तो स्वार्थच वाटला असता. आणि पुढे हेही, की तो निर्णय एका नवरा-बायकोवर सोडणं बेफिकिरीचं होतं, असं आता मागे वळून वाटतं. ही दोन्ही वाक्यं मला खरी वाटतात, आणि ती एकत्र वाचली की पोटात कालवतं. स्वार्थ दिसेल म्हणून गप्प बसण्यात आपलं नाव स्वच्छ राहतं. किंमत मात्र दुसरेच कुणीतरी भरतात.

याची दुसरी बाजूही बघायला हवी, नाहीतर माझं म्हणणं फार सोपं होईल. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. उपाध्यक्ष नव्हता, त्यामुळे जॉन्सन गेले तर अध्यक्ष होणार होते सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड. वेड त्या खटल्यात मतदानाला बसले आणि त्यांनी 'दोषी' असं मत दिलं. ३५ विरुद्ध १९. एक मत कमी पडलं. वेड यांना जॉन्सन मनापासून दोषी वाटत असतीलही, पण त्या मतावर कुणी कसा विश्वास ठेवायचा? बोलावं, पण मोजायच्या वेळी हात वर करू नये. माझ्या मते रेघ इथे आहे.

१९७३ मध्ये कार्ल अल्बर्ट यांनी ती नीट पाळली. उपाध्यक्ष ॲग्न्यू १० ऑक्टोबरला राजीनामा देऊन गेले. निक्सन वॉटरगेटमध्ये रुतत होते. रांगेत पुढचे सभापती अल्बर्ट, आणि ते डेमोक्रॅट. नव्या उपाध्यक्षाची मंजुरी लांबवा, निक्सन पडले की सत्ता आपलीच, असं त्यांच्या पक्षातल्या काहींचं म्हणणं होतं. अल्बर्ट यांनी ते होऊ दिलं नाही. लोकांनी अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्ष निवडलाय, एवढं त्यांना पुरेसं होतं. ६ डिसेंबरला जेराल्ड फोर्ड उपाध्यक्ष झाले आणि आठ महिन्यांनी अध्यक्ष.

अल्बर्ट त्या रांगेत होते ते ट्रूमन यांच्यामुळे. हॅरी ट्रूमन स्वतः ८२ दिवसांचे उपाध्यक्ष. रूझवेल्ट यांनी त्यांना अणुबॉम्बबद्दल सांगितलंही नव्हतं. त्याची सविस्तर माहिती त्यांना मिळाली अध्यक्ष झाल्यावर जवळजवळ दोन आठवड्यांनी. तेव्हाच्या कायद्यात उपाध्यक्षानंतर परराष्ट्रमंत्री यायचा, म्हणजे ट्रूमन यांनी स्वतः नेमलेला माणूस. आपला वारस आपण नेमणं लोकशाहीत बसत नाही, निवडून आलेला सभापती आधी यावा, असं त्यांनी १९४५ मध्ये संसदेला कळवलं. तेव्हा सभापती त्यांच्याच पक्षाचे, त्यांचे मित्र सॅम रेबर्न होते. कायदा रखडला. १९४६ च्या निवडणुकीत सभागृह रिपब्लिकनांकडे गेलं आणि जोसेफ मार्टिन सभापती झाले. ट्रूमन यांनी आग्रह सोडला नाही. १८ जुलै १९४७ ला त्यांनी कायद्यावर सही केली, आणि पुढचं दीड वर्ष त्यांना काही झालं असतं तर व्हाइट हाउसमध्ये विरोधी पक्षाचा माणूस बसला असता.